दोन दिवसांची बॅग

सुनेने सासूसाठी बॅग निवडली की काय होतं, ते मला विचारा. आई मोहोळहून पहिल्यांदाच आमच्याकडे पुण्याला राहायला येणार होती. तिला चाकांची बॅग हवी होती, म्हणून मी आणि माझी बायको केतकी तिला सोलापुरात एका दुकानात घेऊन गेलो.

केतकीने दुकानातली सगळ्यात छोटी बॅग पुढे ओढली. "आई, ही बघा. दोन दिवसांना अगदी पुरेशी आहे."

त्या 'दोन दिवसां'वरचा जोर मला बरोबर कळला. आईला कळला की नाही, कोण जाणे. मी मोठ्या बॅगेकडे बोट दाखवणार, तेवढ्यात केतकीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दुकानदाराकडे कुलपांची चौकशी करायला लागलो.

आईने ती बॅग दुकानभर फिरवली. "लई हलकी हाय की. हीच घेऊ."

केतकीचा चेहरा खुलला. "पण आई, यात दोनच साड्या मावतील हं."

"साड्या कशाला? ह्यात शेंगाची चटणी आन् कडक भाकरी भरनार मी."

"मग तिकडे नेसणार काय?"

आई केतकीच्या कानाशी गेली. पण कुजबुजणं तिला कधी जमलेलंच नाही, त्यामुळे सगळ्या दुकानाने ऐकलं.

"तुजे ड्रेस हायत की! मोहोळात कोन घालू देतंय मला? सगळे घालून बघितल्याबिगर न्हाय यायची मी माघारी."