आडवं दार

हसू नका, पण माझं लग्न एका दारामुळे जमलंय.

नागापूरच्या कारखान्यात नवीनच लागलो होतो. साहेबांच्या बंगल्यात जुन्या वस्तूंची फॅशन बघितली आणि मलाही हुक्की आली. जुन्या बाजारातून पितळी फुल्यांचं, कडीसकट एक भक्कम दार आणलं आणि सुताराकडून त्याला चार पाय ठोकून घेतले. झाला टीपॉय! आई म्हणाली, "दारावर कुणी चहा पितं का, मेल्या?"

त्याच आठवड्यात शनिशिंगणापूरहून मुलीचे वडील मला बघायला आले. त्यांच्या गावात घरांना दारंच नाहीत. आईने कप ठेवला, तो नेमका पितळी फुलीवर कलंडला आणि सगळा चहा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर! आईचा चेहरा पडला. हे स्थळ तिला फार आवडलं होतं.

त्यांनी धोतर झटकलं आणि वाकून कडी वाजवून बघितली.

"हे दार हाय व्हय?"

"हो. सध्या फॅशन आहे," मी पुटपुटलो.

"मग लावता कसं?"

"आता लागत नाही ते."

त्यांनी कडी हळूच खाली सोडली. मग आईला म्हणाले, "ताई, पोरगी दिली. दाराच्या घरात द्यायची म्हनून लई धाकधूक हुती. उद्या कुनी तिच्या तोंडावर दार लावलं तर? पन तुमी तर दार आडवं पाडून त्याच्यावर पाव्हन्याला चहा पाजताय!"

आईने तेवढ्यात आमचं खरं दार पायानेच हळूच पडद्यामागे ढकललं.