गोडं पाणी

शिरोलीच्या बसच्या रांगेत राजमतीबाईंच्या पुढं मेहमुदा आणि खाडीकाठी दिलेली तिची नणंद रशिदा उभ्या होत्या.

"भाभी, दादानं डबा उघडायच्या आत गाठायला पायजे!"

"आगं पर तिसऱ्यांच्या शिंपा तूच आणल्यास की!"

"ओल्या गोणपाटात आणल्या. पाण्यात कुणी घातल्या?"

"मीच की. दोन दिस बादलीत ठेवल्या. म्हणलं, नळाचं गोडं पाणी पिऊन वाढत्याल."

"त्यास्नी खारं पाणी लागतंय! गोड्यात शिंपा मिटून बसत्यात, खाईनात की वाढनात. शेवटी मरत्यात."

"मिटल्या व्हत्या, व्हय. पर आज सकाळी समद्यांनी तोंडं उघडली. मला वाटलं, पाणी मानवलं."

"मेल्यावर उघडत्यात, भाभी. वास न्हाय आला?"

"आला की. म्हणलं, समुद्राचाच असंल."

"डब्यात किती घातल्यास?"

"समद्या. तुझ्या दादास्नी लई आवडत्यात म्हणून मी चाखली बी न्हाय."

"कारखान्यात जेवणाची सुट्टी कवा?"

"बाराला."

मेहमुदा गर्रकन मागं वळली. "बाई, किती वाजलं?"

राजमतीबाईंनी मनगटावर पाहिलं. बाराला पाच कमी होते. पोरांना घड्याळ शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंनी घड्याळावर पदर ओढून घेतला.