भुंग्याला एकटं ठेवायचं नाय

माझं माहेर किन्हवलीचं, आणि दिलं मला इकडं वैशाखऱ्याला, घाटाच्या पायथ्याशी. सासूनं बघितल्या बघितल्या म्हटलं, पोर बारीक हाय, वाऱ्यानं उडंल. काय सांगू तुमाला, तिचा आवाज असा, की तिनं हाक मारली तर घाटातले ट्रक ब्रेक लावायचे. तीस वर्षांत मला तीनदा चांगली म्हणाली असंल, त्यातलं दोनदा ती म्हशीला म्हणत व्हती.

तिचा जीव एका भुंग्यावर. काळा कुत्रा, तिच्या पायाशी झोपायचा, तिच्या हातची भाकर खायचा. ती दवाखान्यात गेली आणि तिकडंच संपली. घरी नाय आणली, थेट नदीवर नेली. भुंग्या दारात वाट बघत बसलेला, त्याला कोण सांगणार?

दहाव्याला पिंड ठेवला. झाडावर हजारभर कावळे, खोटं नाय, पान दिसत नव्हतं, पण एक शिवंना. माझा दीर गणपत म्हणाला, आये, तुझं घर शाकारीन. नाय. माझा नवरा ट्रकवर असतो, तो म्हणाला, दारू सोडीन. कावळ्यांनी तोंडं फिरवली, त्यांना पण म्हाईत. ऊन डोक्यावर आलं. मंग मी पुढं झाले, हात जोडले, म्हटलं, आत्याबाय, भुंग्याला मी एकटं ठेवणार नाय. बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर. तिथंच मी फसले.

तीन महिने त्याला सोडलं नाय. शेतावर तो, नदीवर तो, मी मोरीत आंघोळीला तर तो दाराशी. मी रस्त्यावरच्या हाटेलात भाकऱ्या थापते, तर मालकाचा निरोप आला, सोमवारपासून एकटी ये, कुत्रा आणू नको, नायतर दुसरी बघतो. सोमवारी कुलूप लावलं, शंभर पावलं गेले नसंन, आणि तो रडला. रडणं म्हणजे काय, कौलं हालली. तरी मी तशीच कामाला गेले. आणि शेवटाला, भर दुपारी, खोकल्यासारखा आवाज. म्हातारी खोकायची, तसाच. पाण्याला आलेल्या बाया हंडे टाकून पळाल्या. निरोप आला, मी धावत घरी आले तर दार खरवडून नखं रक्ताळलेली, जमीन लाळेनं ओली.

गणपत म्हणाला, वैनी, आये त्याच्या नरड्यातून बोलते. हे गावाला खाणार. अमावास्येपर्यंत थांबतो, मंग पोत्यात घालून घाटात सोडतो.

म्हशीला टोचायला जनावरांचा डॉक्टर आला, त्याला दाखवलं. तो म्हणाला, बाई, भूत नाय, भीती हाय. एक माणूस गेलं ते आलं नाय, आणि तुमी चिकटून राहिलात, आता त्याला एकटं राहता येत नाय. मारू नका. चपला घाला आणि घरातच बसा. पिशवी उचला, परत ठेवा. चार श्वास बाहेर थांबा, आत या, मंग आठ. जाताना लाड नको, आल्यावर बोंब नको. आणि म्हातारीचं न धुतलेलं कापड द्या त्याला.

मी म्हटलं, डॉक्टर, पण मी शब्द दिलाय, एकटं ठेवणार नाय. म्हणाला, कोणाला? म्हटलं, कावळ्याला. तो हसला. मी नाय हसले.

मंग मी युक्ती केली. ट्रंकेतून तिचं लुगडं काढलं, मशेरीचा वास तसाच. तिच्या कोपऱ्यात पसरलं आणि म्हटलं, आत्याबाय, तुमीच बसा त्याच्यापाशी. आता एकटा कुठं हाय तो?

मालकाला सांगतलं, महिनाभर दुसरी ठेव, माझ्यासारखी भाकर तिला जमंल तर नाव बदलीन. आणि सुरू झाले. दिवसातून साठ वेळा आत, बाहेर, तोंडातून शब्द नाय. गणपतची बायको म्हणाली, वैनीला लागिरलं. म्हटलं, हो गो, तू पण ये, दोघी फिरू. भुंग्या आधी किंचाळायचा, मंग कुंईकुंई, मंग नुसता बघायचा. पण दाराकडं नाय. त्या कोपऱ्याकडं, मान वर करून, कोणी बोलत असल्यासारखा.

अमावास्येच्या सकाळी लुगडं झटकून पसरलं, कुलूप लावलं, चावी कमरेला, आणि पहिल्यांदा पूर्ण दिवस कामाला गेले. उन्हं कलताना आले, तर दारात गणपत, हातात पोतं, तोंड पांढरं. म्हणाला, वैनी, कुत्रा गप हाय. पण आत खोकतं कोण?

कुलूप काढलं. भुंग्यानं दोनदा शेपटी हालवली, बस. आणि त्याच्या पुढ्यात लुगडं, घडी घातलेलं. काठ आत, चौपदरी, म्हातारी घालायची तशी. माझी घडी तिला कधी पसंत नव्हती. आता कुत्रा घडी घालतो का, तुमीच सांगा. गणपतनं पोतं तिथंच टाकलं, आता त्यावर भुंग्या पाय पुसतो.

हाटेलातलं काम चालू हाय माझं. जाताना मी कोणाला काय बोलत नाय, डॉक्टरनी सांगतलंय. सकाळी लुगडं पसरते. संध्याकाळी घडी दिसली, की समजते, दोघांचा दिवस बरा गेला. एकदा नव्हती, तर मीच खाली बसले आणि म्हटलं, आत्याबाय, माझं काय चुकलं?

तुमचं पण बरं होवो बाबांनो, घरादारात कोणी एकटं न राहो. फक्त पुन्हा आलात तर दारातून हाक द्या, मी नसले तरी.