फेसातला पोळा

माझं माहेर अमळनेरकडचं, घर कपाशीवाल्याचं, दारात बैलजोडी, आणि पोळ्याला बैलांना नदीवर न्यायचं, घासून आंघोळ घालायची ती मी, भाऊ नुसता दोर धरून उभा. लग्न होऊन सुरतेत डिंडोलीला आले तर काय सांगू तुम्हाला, बैलाचं शेपूटही दिसेना. आमचे हे कापडाच्या लूमवर, म्हणजे मागावर होते, पुढे त्या खडखडाटाने एक कान गेला, तेव्हा माझ्या पाटल्या मोडून एक जुनी मोटार घेतली, पर्वत पाटियाच्या कापड व्यापाऱ्यांना स्टेशनला सोडायला. व्यापाऱ्याचं एक असतं, त्याला गाडी जुनी चालते, मळकी चालत नाही. म्हणून रोज धुणं आलं, आणि भांडणही तिथेच आलं.

समोर, जरा उताराला, सोसायटीचे प्रमुख राहतात, सगळे त्यांना मोटाभाई म्हणतात. नळीने गाडी धुतली की चिखलाचं पाणी थेट त्यांच्या ओट्यावर. एक दिवस येऊन म्हणाले, परत ओट्याला पाणी लागलं तर गाडी सोसायटीबाहेर. बाहेर म्हणजे रेल्वेलाइनकडे, तिथे संध्याकाळी लावलेल्या गाडीला सकाळी चाकं राहत नाहीत, म्हणजे धंदाच बुडाला. ह्यांनी हात जोडले. मी नाही जोडले, माझे हात कणकेत होते.

मग मी काय केलं, भावाकडून कपाशीवर फवारायचा जुना पंप मागून आणला, सोडा घालून घालून धुतला, नळीच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली, साबणाचं पाणी भरलं आणि दांडा मारला. असा दाट फेस आला, ताकावर लोणी यावं तसा. तो गाडीला चिकटून बसतो, मळ सुटतो, मग ओला फडका फिरवला की झालं, पाणी वाहतच नाही. हे म्हणाले, लोके हसतीन. म्हटलं हसू द्या, हसण्याने कोणाचा ओटा भिजत नाही.

तर पोळा आला. मी म्हटलं, आज हिला सणाची आंघोळ. हे म्हणे, गाडी शे ती, बैल नही. म्हटलं, आपलं घर कोण ओढतं ते सांगा, मग बोला. आता सणाला रोजचा साबण कसा वापरायचा, म्हणून शेजारणीकडचा मिलमधला, कापड धुवायचा साबण घातला, चांगला वाटीभर. तिथेच चुकलं. तो साबण ताग्यांच्या ढिगासाठी, चमचा पुरतो. फेस थांबेचना हो. गाडी दिसेना, तुळस दिसेना, आणि तो ठुमकत ठुमकत निघाला तो मोटाभाईंच्या ओट्यावर चढला, तिथे त्यांची म्हातारी आई, बा, बसलेल्या, त्यांच्या मांडीपर्यंत.

मोटाभाई ओरडत बाहेर. आत्ताच्या आत्ता गाडी काढा. ह्यांनी किल्ली काढलीसुद्धा. मी पाठीवर पंप तसाच, गाडीच्या पुढे उभी राहिले. म्हटलं, मोटाभाई, तुम्ही पाणी म्हणाला होतात, याला पाणी म्हणत असाल तर पिऊन दाखवा. गल्ली हसली, ते आणखी तापले. तेवढ्यात बांनी विचारलं, हे काय चाललंय. मी सांगितलं, बा, आज आमच्याकडे बैलांचा सण, बैल गावी राहिले, आता हाच आमचा बैल. बा मूळच्या सौराष्ट्रातल्या शेतकऱ्याची लेक. त्या उठल्या, फेसातून वाट काढत आल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, बेटा, नहाता बळदने कोई काढी मूके? आंघोळीला उभ्या बैलाला कोणी हाकलतं का?

मोटाभाई आत गेले. आता पोलीस आणतात की काय, असं ह्यांना वाटलं. बाहेर आले ते खराटा घेऊन, आणि स्वतःचा ओटा स्वतः झाडत बसले.

मी आरशांना गोंडे बांधले, बांनी कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास गाडीला दाखवला आणि स्वतःच खाऊन टाकला, म्हणाल्या, तुझा बैल लाजतोय.

गाडी अजून गल्लीतच उभी असते. मोटाभाई नाक मुरडतात, मुरडू देत. मी दारातच धुते, रोज धुते, आणि पोळ्याला बांना खुर्ची मांडून धुते. देवाने तुम्हालाही असंच ओढणारं काहीतरी द्यावं. पण ती तुमची स्कूटर किती मळलीय हो? आणा इकडे. पंप भरलेलाच आहे.