पायाचा नमस्कार

लग्नाला तीन महिने झाले, तरी सासरी माझा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. परवा ऐकला.

बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मधुमेहाने चिघळलेल्या पायाचं ऑपरेशन झालं आणि ते वारज्याला घरी आले. मी नर्स आहे. दिवसभर डॉक्टरांनासुद्धा हात धुवायला लावते. दुसऱ्याच दिवशी बाबांची धाकटी बहीण, कात्रजच्या आत्या, मुलासुनांना घेऊन आल्या. सगळ्यांनी चपला अगदी आठवणीने बाहेर काढल्या आणि एकेकाने वाकून बाबांच्या पायाला हात लावला. थेट ड्रेसिंगवर.

"आत्या, आधी हात धुता का?"

"आम्ही काय परके आहोत? वहिनी, तुमच्या सुनेला आमची घाण वाटते हो."

सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गप्प बसले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

चौथ्या दिवशी ताप आला, जखमेत पू झाला. पुन्हा हॉस्पिटल. पाय वाचेल का, हे डॉक्टर सांगेनात. बाहेर बाकावर आत्या सासूबाईंना म्हणाल्या, "आम्ही काय केलं? फक्त आशीर्वाद घेतला."

"घेतलात ना, आत्या," मी म्हणाले. सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. "देऊन काय गेलात, ते लॅबचा रिपोर्ट आला की कळेल."