गाडी चढली नाही तर

नाही, नाही, बॅग मागे नका टाकू, मांडीवरच घ्या – मागे जागा नाहीये. दार ओढा. अजून जोरात. लागलं. आता सांगा जावईबापू, वजन किती तुमचं? – अहो, लाजायचं काय त्यात, डॉक्टर नाही का विचारत? – अरे वा! दिसत नाही हो तेवढं. नाही नाही, छान आहे, भरदार आहे, माझी काही तक्रार नाही. उलट मी म्हणते, ट्रेनमध्ये काही खाल्लंत की नाही? दोन केळी घ्यायची का इथून? बरं, राहिलं. बॅगेत काय, पुस्तकं? चांगली जड दिसते. असू दे, पुस्तकं वाचलेली बरी.

हसू नका माझ्या गाडीला. तो खुळखुळ आवाज दाराचा आहे, इंजिनाचा नाही – इंजिन ऐका, काही बोलतंय का? दोन लाखांच्या वर पळालीय ही, आणि तेही मीटर चालू होता तोवरचं, पुढचं कोणी मोजलंय! घेतली तेव्हा तुमचे सासरे शोरूममध्ये जाऊन म्हणाले, ह्याच्याहून स्वस्त दाखवा, तर तो विकणारा म्हणाला, साहेब, ह्याच्या खाली मग सायकलच येते. अशी ही गाडी. आणि घर कुठे, तर टेकडीवर. हौस! पुलापर्यंत रस्ता सपाट, पण पुढे टायरवाल्याच्या दुकानापासून जो चढ लागतो तो थेट आमच्या फाटकापर्यंत. लग्नाला आलात तेव्हा तुम्ही मित्राच्या मोठ्या गाडीत होतात, तुम्हाला काय कळणार तो. आमची मात्र पद्धत ठरलेली – टायरवाला आला की हे ओरडायचे, ‘पुढे!’ की आम्ही सगळे पुढे वाकायचो. मी, तुमची बायको, मागे नणंदबाई असल्या तर त्यासुद्धा, पार समोरच्या सीटला नाक लावून, श्वास रोखून. त्याने काही व्हायचं का? देव जाणे, पण गाडी चढायची. तुमच्या बायकोला शाळेत जायला लागेपर्यंत वाटायचं की जगात सगळे असेच गाडीत बसतात. मैत्रिणीच्या गाडीत बसली तर एकटीच वाकली पुढे, आणि मैत्रिणीची आई विचारते, पोट दुखतंय का गं?

तर ते दिवस गेले, हेही गेले, मग तुमचं लग्न झालं. आणि निघताना ती माझ्या गळ्यात पडून काय म्हणाली – तुम्ही समोरच होतात – आई, तू पण चल आमच्याकडे. आणि मी? गप्प बसावं की नाही? सगळ्या पाहुण्यांसमोर मान ताठ करून म्हणाले, ‘ज्या दिवशी माझी गाडी हा चढ चढणार नाही ना, त्या दिवशी येते मी तुमच्याकडे. तोवर विषय काढायचा नाही!’ टाळ्या पडल्या हो! टाळ्या पडल्यावर माणूस शब्द मागे घेतो का? आणि तीही माझीच मुलगी, लगेच म्हणाली, ठरलं. आता आली की फाटकात उभी राहते कमरेवर हात ठेवून, गाडी चढते का बघायला. आजही असेल बघा. कालपासून आलीय, पण काल ती टॅक्सीने आली, म्हणजे परीक्षा आजच.

मग काय, मी पेटलेच. मिस्त्री म्हणाला, बाई, हिच्यात आता जीव नाही, हिला भंगारात द्या. म्हटलं, जीव आहे की नाही ते मी बघते, तू आधी बॉनेट उघड. एअर फिल्टर काढला तर आत सुकलेला पाला आणि उंदराचं घर – श्वास कुठून घेणार ती? प्लग नवे, ऑइल नवं, कार्बोरेटर साफ, क्लच प्लेट बदलली. आणि मुख्य म्हणजे ब्रेक! ब्रेक चाकांना घासत होते हो, इतकी वर्षं गाडी ब्रेक लावूनच पळत होती बिचारी. ते नीट केले तर चाकं अशी फिरायला लागली – मिस्त्रीने हात जोडले. हँडब्रेकची तारसुद्धा नवी घातलीय, बोटभर ओढला तरी गाडी जागच्या जागी – हां, हात नका लावू, नुसतं सांगतेय. मग वजन. वरचं कॅरियर काढलं, रेडिओ काढला, पायाखालचे गालिचे काढले, मागची सीटसुद्धा काढली. ती आता व्हरांड्यात आहे. तिच्यावर बसून मी संध्याकाळचा चहा पिते, रस्त्याकडे तोंड करून. गाडीत बसल्यासारखं वाटतं, फक्त कुठे जात नाही.

काय? – ते होय, चादरीखाली? काही नाही ते. माती आहे. पोत्यांत. कुंड्यांसाठी हो, बागेला लागते. – चार. – नाही, आजच आणली असं नाही, आहेत थोडे दिवस. – तुम्ही फार विचार करता हो, तुमच्या बायकोने हे सांगितलं नव्हतं मला. तिने सांगितलं, तो बोलत नाही. बोलत नाही म्हणजे बघतही नाही असं मी धरून चालले.

हो. सीट काढली वजन कमी करायला आणि पोती घातली – कळतंय मला, माझं गणित कच्चं नाही. सिग्नल लाल आहे तोवर सांगते, आणि हे तुमच्या बायकोच्या कानावर गेलं तर बघा. कंटाळा आलाय हो मला. नुसता कंटाळा नाही, घर खायला उठतं. विजेचा मीटर बघायला माणूस येतो ना, त्याला मी चहा पाजून बसवून घेते – परवा तो म्हणाला, मावशी, पुढच्या घरी जाऊ द्या आता. सकाळी गाडीवरून हात फिरवताना तिच्याशीच बोलते. आता मी कुठल्या तोंडाने म्हणू, न्या मला? सगळ्यांसमोर एवढी मिजास केल्यावर? म्हटलं, गाडीच हरू दे, माझी मान ताठ राहील. प्लगची वायर सैल करायला गेले एकदा. बॉनेट उघडलं, हात घातला, आणि नाही झालं माझ्याच्याने. एवढी मन लावून चढते ती, आणि मी तिला दगा देऊ? पण वजन घालणं म्हणजे दगा नाही, नाही का? वजन म्हणजे वजन. एक पोतं घातलं – चढली. दुसरं घातलं – चढली. तिसऱ्याला जरा कण्हली, म्हटलं आता जमलं, तर फाटकात जाऊन ऐटीत उभी. मेलीला इतकी सुधारून ठेवलीय मी, आता बिघडता बिघडत नाही! म्हणून आज चौथं घातलं आणि तुम्हाला घ्यायला स्वतः आले. नाहीतर स्टेशनवर टॅक्सी काय मिळत नव्हती? रागावलात? रागावू नका, तुमच्या वजनाचा हा पहिलाच उपयोग असेल.

झाला हिरवा. आणि खरं सांगू, भीती वाटते ती वेगळीच. तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही खाली वाकून बुटाची लेस बांधत होतात. ‘या’ म्हणाला नाहीत, ‘नको’ही म्हणाला नाहीत. इतका वेळ लागतो का हो लेस बांधायला? दोन खोल्यांचं घर तुमचं, नवा संसार, त्यात मी अशी बडबडी, पहाटे उठून भांडी आपटणारी. मी तुमच्या जागी असते तर मीही लेसच बांधली असती. – नाही, काही बोलू नका. तोंडदेखलं बोलाल आणि मला ते कळेल, मग दोघांनाही जड जाईल. हा बघा टायरवाला. आला चढ.

मागे टेका. आरामात. आज पुढे वाकायचं नाही, पाय पसरा हवे तर. – दुसरा गिअर टाकला. बघा, कण्हतेय. कण्हतेय हो! – पहिला. – कोपऱ्यावर दरवेळी अशीच अडते, इथेच थांबेल बघा, थांब गं बाई, खूप केलंस, आता थांब – नाही, निघाली. निघाली! चार पोती, मी, तुम्ही, तुमची पुस्तकं, आणि ही बया चढतेय! अहो, तुम्ही हसताय काय? – ते बघा फाटक. उभी आहे. कमरेवर हात. सांगितलं नव्हतं? – झालं. चढली. दहा पावलं राहिली. काय गाडी आहे हो, काय गाडी आहे. – काही नाही, डोळ्यांत कचरा गेला. खिडकी उघडी आहे ना. जाऊ दे. चार दिवस राहाल, मग तुम्ही दोघं जाल, मी आपली व्हरांड्यात – अहो! अहो, हात काय – तो हँडब्रेक आहे – अहो, ओढू नका –

बंद पडली.

…

काही नाही गं, धावू नकोस! बंद पडली. हो, तुझ्यासमोर. फाटकाबाहेरच आहे, बघ नीट, पुढची चाकंसुद्धा आत नाहीत. – मला काय विचारतेस, गाडी जुनी आहे, कधीतरी व्हायचंच होतं. विचार तुझ्या नवऱ्याला, तो होता शेजारी. – बघ, मान हलवतोय. – हो, दिला होता शब्द, नाही कुठे म्हणतेय मी? आधी मला खाली तर उतरू दे.

उतरा तुम्ही, जावईबापू. हसू आवरा आधी. आणि हँडब्रेक तसाच राहू द्या, चढावर आहोत आपण. – पोती? ती कशाला उतरवताय? असू देत आतच. तुमच्या गॅलरीत एकही कुंडी नाही म्हणे.