आभाळातली शीव

सुमनवहिनी, आष्ट्याची सगळी मंडळी आणि सांगलीहून आलेले वकील मित्रहो, बसा. माझ्यासाठी उठू नका. विहाराबाहेर चपला काढून मी बराच वेळ तसाच उभा होतो. निवृत्ती कांबळेच्या फोटोला हार घातलेला बघायचा आणि वर त्याच्याबद्दल बोलायचं. कसं बोलायचं?

मी शंकर, पाटणचा. सांगलीला कॉलेजात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. तो कायदा शिकून दिल्लीला सरकारच्या कायदा कक्षात गेला. मी जहाजावर वायरलेस ऑपरेटर झालो. आयुष्यभर तारेच्या संदेशांची टकटक केली. मग उपग्रह आले आणि मला घरी पाठवलं. आणि माझा हा मित्र त्याच उपग्रहांचे कायदे लिहीत बसलेला! मी त्याला तोंडावर म्हणायचो, "माझ्या पोटावर पाय आणलास गड्या." तो हसायचा. "म्या न्हाई रं, त्या वरच्यानं."

मंडळी, तो दिल्लीत नेमकं काय करतो, हे तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? "विमानात हाय," एवढंच सांगायचे सगळे. मी सांगतो. परदेशी विमानांत आता खुर्चीला फोन आलाय. माणूस आभाळातून घरी बोलतो. आवाज विमानातून उपग्रहाला जातो, तिथून खाली जमिनीवर. आता ते विमान आपल्या डोक्यावरून जात असताना त्या बोलण्यावर कायदा कुणाचा? ज्या देशाचं विमान, त्याचा? की खालच्या जमिनीचा? आपला कायदा तारेच्या खांबांच्या काळातला. परवाना नाही, तर यंत्र चालवायचं नाही. म्हणून नवा मसुदा निघाला. भारताची हद्द लागली, की फोन बंद. कारणही खोटं नव्हतं. कोण कुणाशी काय बोलतंय, हे सरकारला कळायला नको?

निवृत्तीला ते मान्य होतं. पण त्याला एकच कलम जोडायचं होतं. विमानात कुणाचा जीव अडला असेल आणि त्याच्यासाठी खाली जमिनीवरच्या डॉक्टरशी बोलणं चालू असेल, तर ते हद्दीवर तोडायचं नाही. एवढंच. त्या एवढ्याशा कलमासाठी हा माणूस वर्षभर भांडला.

गेल्या मे महिन्यात तो माझ्याकडे आला. परड्यात फणसाखाली बसलो होतो. म्हणाला, "शंकऱ्या, दुसऱ्याच्या समुद्रात एखादं जहाज मदतीला वरडलं, तर तुमी काय करता?"

मी म्हणालो, "जवळ असंल तो धावतो. झेंडा मागनं बघायचा."

त्यानं ते लिहून घेतलं. मग आज्याचं बोलला. आजा महारकीतला. दोन गावांत शिवेचा तंटा झाला, की त्याला बोलवायचे. तो डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा. तो चालेल ती शीव. पाटील, कुलकर्णी सगळे त्याच्या मागनं. आणि शीव दाखवून झाली, घसा कोरडा पडला, तर त्याच गावच्या विहिरीवर त्याला पाणी नाही. कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं, तेही लांबून.

"शीव बी आमालाच ठावं आन् शिवाशिव बी," निवृत्ती म्हणाला. "शीव कुटं हाय ते दावायचं. पर तिच्यावर तानेल्याला उभा न्हाई करायचा."

मी बागायतदाराचा पोरगा. आमच्या विहिरीवर काय चालायचं, ते मला ठाऊक नव्हतं का? मी मान खाली घातली. त्यानंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

दिल्लीला जाऊन त्यानं त्या कलमापुढं समासात एकच शब्द लिहिला, शीव. वरच्या साहेबांनी वाचलं, शिव. म्हणाले, "विमानाच्या नियमात महादेव कशाला आणलेत?" हा सांगताना पोट धरून हसायचा. पण त्या निमित्तानं भर बैठकीत त्याला आज्याची गोष्ट सांगता आली. तरी कलम दोनदा खोडलं गेलं. साहेबांनी विचारलं, "जीव अडलाय हे ठरवणार कोण? उद्या कुणीही खोटं सांगेल." हा म्हणाला, "आधी बोलू द्या. खोटं निघालं तर विमान उतरल्यावर धरा. ते काय वर राहणार आहे थोडंच?"

मंडळी, पाटणवरून दुपारी विमान जातं, आभाळात पांढरी रेघ ओढत. इतकी वर्षं मी त्या आभाळाकडे रागानं बघायचो. आता बघतो आणि थक्क होतो. ज्याच्या आज्याला ओंजळभर पाणी मागावं लागलं, त्यानं एवढ्या मोठ्या आभाळात शीव आखली, आणि आखताना अडलेल्यासाठी वाट ठेवली. आमच्यातल्या कुणाला सुचलं असतं हे?

सोमवारी तो रजेवर इथं आला होता. छातीत कळ आली. सांगलीच्या दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

परवा दिल्लीहून त्याच्या कक्षातल्या बाईंचा फोन आला. मसुदा मंजुरीसाठी पुढं गेलाय. कलम जसंच्या तसं आहे. एक अक्षर हललेलं नाही. वहिनींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, ह्यास्नी कळाय पायजे हुतं वो."



आता आदरांजलीसाठी उभे राहू या. रीत दोन मिनिटांची आहे. मी तीन मागतो. समुद्रावर दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं सगळी जहाजं आपापलं बोलणं थांबवायची. कुणी गेलं म्हणून नव्हे. लांब कुठंतरी कुणी बुडत असेल, त्याचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून. निवृत्ती जन्मभर तेवढंच करत आला.

उभे राहा मंडळी. गप्प राहू नका नुसते. ऐका.

जय भीम, गड्या.